कुणाला किती रेडिएशन लागलं? सोलापुरातल्या कॅज्युअल्टीत पहिले ४८ तास

प्रश्न सोलापुरातल्या एका निवासी डॉक्टरांचा आहे. तारापूर किंवा कैगासारख्या अणुवीज केंद्रात मोठी दुर्घटना झाली आणि तिथले जखमी, शिवाय घाबरून निघालेले प्रवासी रेल्वेने, एसटीने सोलापुरात उतरले, तर कुणाला किती रेडिएशन लागलं हे पहिल्या दोन दिवसांत कसं ठरवायचं? हाताशी किरणोत्सर्ग दाखवणारे एक-दोन गायगर काउंटर, सीबीसीचं म्हणजे रक्तपेशी मोजण्याचं मशीन आणि नेहमीची लॅब, एवढंच आहे असं धरून.

एवढ्या साहित्यात पुष्कळ होतं. पण या यादीत सगळ्यात महत्त्वाचं साधन नाही, आणि ते म्हणजे घड्याळ. रेडिएशनचा डोस कळतो तो काय झालं यावरून कमी आणि ते किती तासांनी झालं यावरून जास्त. पहिली उलटी किती वाजता, रक्त किती वाजता काढलं, लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) किती तासांत किती उतरले, या तीन गोष्टी केसपेपरवर वेळेसकट असतील तर मुंबईहून तज्ज्ञांचा फोन येईपर्यंत तुमचं अर्धं काम झालेलं असेल. वेळ लिहिली नसेल, तर पुढे कितीही महाग तपासणी केली तरी ते भोक बुजत नाही.

आधी एक भीती बाजूला करू. सोलापूरपासून तारापूर सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटर, कैगा साडेतीनशेच्या आसपास. एवढ्या अंतरावर वाऱ्यासोबत आलेल्या धुळीने कुणाला तीव्र किरणोत्सर्ग आजार होत नाही. चेर्नोबिलला १९८६ साली १३४ जणांना हा आजार झाल्याचं निश्चित झालं, त्यातले २८ त्याच वर्षी गेले. ते सगळे केंद्रातले कर्मचारी आणि आग विझवायला, मदतीला धावलेले लोक होते; आसपासच्या गावांतल्या सामान्य नागरिकांत एकही नव्हता. दक्षिण सोलापुरातलं एनटीपीसीचं केंद्र कोळशावर चालतं, त्याचा या विषयाशी संबंध नाही. तेव्हा तुमच्याकडे काटेकोर मोजमाप लागेल ते दुर्घटनेच्या जागेजवळून आलेल्यांचं. आणि खरं सांगायचं तर याहून जास्त शक्यता वेगळ्याच प्रसंगाची आहे: वेल्डिंगचे जोड तपासणाऱ्या रेडिओग्राफी कॅमेऱ्यातला किरणोत्सारी इरिडियमचा तुकडा हरवणं, किंवा भंगारात एखादा किरणोत्सारी स्रोत येणं. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात एप्रिल २०१० मध्ये कोबाल्ट-६० असाच आला आणि एकाचा जीव गेला. मोजण्याची रीत दोन्हीकडे तीच आहे, म्हणून ती नीट हातात बसलेली असावी.

जखमी माणूस आत आला की श्वास, रक्तस्राव, नाडी. काउंटर नंतर. रेडिएशनने कुणी पहिल्या तासात मरत नाही, फुटलेल्या प्लीहेने मरतो. अंगावर किरणोत्सारी धूळ असलेल्या रुग्णाला टोपी, मास्क, गाऊन, दुहेरी हातमोजे एवढ्या तयारीवर हात लावता येतो. त्यातून कर्मचाऱ्यांना बसणारा डोस किरकोळ असतो. गरोदर कर्मचाऱ्यांना त्या दालनात ठेवू नका. बाकी सिस्टर, मामा, मावशी सगळ्यांना हे आधीच समजावून सांगितलेलं हवं, नाहीतर स्ट्रेचर दारातच अडकतं.

आता तीन वेगवेगळ्या गोष्टी, ज्यांची घोळाघोळ झाली की सगळं निदान चुकतं. अंगावर किरणोत्सारी धूळ बसणं ही एक. ती धूळ नाकातोंडातून किंवा जखमेतून आत जाणं ही दुसरी. आणि बाहेरच्या स्रोतातून गॅमा किरण शरीरातून आरपार जाणं ही तिसरी. गायगर काउंटर फक्त पहिली गोष्ट नीट दाखवतो आणि दुसरीचा अंदाज देतो. तिसऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही, कारण एक्स-रे काढलेला माणूस जसा किरण फेकत नाही तसाच हाही फेकत नाही. ज्याला पाच ग्रे (ग्रे हे शरीराने शोषलेल्या डोसचं एकक) डोस बसला आहे तो काउंटरसमोर शून्य दाखवू शकतो, आणि ज्याच्या चपलेला थोडी धूळ आहे तो काउंटर कडकडवू शकतो. काउंटर वाजला नाही म्हणून पहिल्याला घरी पाठवणं ही या कामातली सगळ्यात घातक चूक आहे.

काउंटर वापरण्याआधी जिथे तपासणार त्याच जागी, पहिला रुग्ण यायच्या आत, मिनिटभर पार्श्वभूमी मोजा आणि फळ्यावर लिहा. दख्खनच्या बेसॉल्टवर ती ग्रॅनाइटच्या प्रदेशापेक्षा कमीच असते, पण ग्रॅनाइटचा ओटा किंवा लादी जवळ असेल तर आकडा थोडा चढतो, म्हणून टेबल तिथून हलवा. बॅटरी पाहा. उपकरण चालतं आहे की नाही हे ओळखीच्या एखाद्या सौम्य स्रोतावर तपासा; जुन्या पेट्रोमॅक्सच्या जाळीत थोरियम असे, तेवढ्यानेही काटा हलतो. प्रोबला, म्हणजे काउंटरच्या शोधणाऱ्या टोकाला, पातळ प्लास्टिक गुंडाळा म्हणजे तोच दूषित होणार नाही. मात्र अल्फा हा किरणांचा प्रकार शोधायचा असेल तर प्लास्टिक नको, कारण अल्फा कागदानेही अडतो. ओल्या त्वचेवरही तो सापडत नाही.

प्रोब त्वचेपासून एक-दोन सेंटिमीटरवर, टेकवायचा नाही, आणि सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरवायचा. घाई केली की काटा वर जायच्या आत प्रोब पुढे गेलेला असतो. एका माणसाला नीट तपासायला पाच मिनिटं सहज लागतात. गर्दी असेल तर डोकं, चेहरा, खांदे, तळहात आणि चपलांचे तळ एवढंच आधी बघा. पार्श्वभूमीच्या दुप्पट आकडा आला की दूषित समजायचं, ही सर्वसाधारण मर्यादा. पण हजारो लोक रांगेत असताना ती टिकत नाही. फुकुशिमात मार्च २०११ मध्ये आधी मिनिटाला १३,००० काउंट ही मर्यादा होती, ती १,००,००० वर न्यावी लागली, कारण पाणी आणि मनुष्यबळ दोन्ही अपुरं पडलं. तुमची मर्यादा किती ती आधी ठरवा आणि सगळ्या टेबलांवर एकच ठेवा.

यंत्राच्या दोन खोड्या लक्षात ठेवा. फार तीव्र किरणांत साधी गायगर नळी गुदमरते आणि कमी किंवा शून्य आकडा दाखवते. आणि मोजपट्टीचं टोक म्हणजे खरा आकडा नव्हे. चेर्नोबिलच्या पहिल्या रात्री ताशी ३.६ रॉन्टजेन असा आकडा वर कळवला गेला, कारण त्या मीटरची पट्टीच तिथे संपत होती; प्रत्यक्ष पातळी कित्येक हजार पट होती. काटा टोकाला चिकटला तर ‘टोकाला’ असं लिहा, आकडा लिहू नका. याशिवाय ज्याचा नुकताच थायरॉइड, हाडांचा किंवा पेट स्कॅन झाला आहे तो कित्येक तास, कधी दिवस, काउंटर वाजवतो. तेव्हा विचारा.

कपडे उतरवले की बाहेरची बहुतेक धूळ, नव्वद टक्क्यांपर्यंत, निघून जाते. डोक्यावरून ओढून काढू नका, नाकातोंडात जाते. समोरून कापा आणि बाहेरची बाजू आत गुंडाळत काढा. दुहेरी प्लास्टिक पिशवी, वर नाव आणि वेळ. रुग्णाला हलवायचं असेल तर स्वच्छ जाड चादरीत गुंडाळा. आपली जाड विणीची सोलापुरी चादर यासाठी अगदी योग्य, एक खाली आणि एक वर, म्हणजे धूळ स्ट्रेचरवर आणि ॲम्ब्युलन्समध्ये सांडत नाही. धुण्याआधी एक काम करायचं असतं आणि तेच हटकून राहतं: दोन्ही नाकपुड्यांचे वेगवेगळे स्वॅब, चेहऱ्याला पाणी लागायच्या आत. दोन्ही बाजू किरणोत्सारी निघाल्या तर धूळ श्वासात गेली असण्याची शक्यता मोठी. एकच निघाली तर बहुधा बोट गेलं असेल.

आधी जखम धुऊन झाकायची, मग नाक, तोंड, डोळे, शेवटी अखंड त्वचा. साधा साबण आणि कोमट पाणी. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटका देतं. ते तसंच वापरू नका, कारण गरम पाण्याने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो आणि शोषण वाढतं. घासून कातडी लाल करू नका, केस भादरू नका, कंडिशनर लावू नका. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे धरूनच योजना करा. शॉवर नसला तरी बिघडत नाही. ओल्या टॉवेलने वरून खाली, प्रत्येक पुसण्याला टॉवेलची नवी घडी, यानेही चांगलं काम होतं.

यानंतर खरा विषय सुरू होतो: आरपार गेलेल्या किरणांचा डोस.

पहिली खूण उलटी. शरीराला एकदम मिळालेला डोस एक ते दोन ग्रे असेल तर उलटी दोन तासांनंतर, आणि तीही सगळ्यांना नाही, फार तर निम्म्यांना. दोन ते चार ग्रेला एक ते दोन तासांत, बहुतेकांना. चार ते सहाला तासाच्या आत, जवळपास सगळ्यांना. सहा ते आठला अर्ध्या तासाच्या आत, आणि आठच्या वर दहा मिनिटांत, सोबत तासाभरात जुलाब. चार तास उलटीच झाली नाही, तर डोस जिवावर बेतण्याइतका असण्याची शक्यता कमी.

मात्र उलटी हे ढोबळ माप आहे. भीतीने, धुराने, डोक्याच्या माराने, एसटीच्या घाटातल्या वळणांनीही उलटी होते. आणि उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर असताना उष्माघातही हाच वेष घेऊन येतो: उलटी, जुलाब, ताप, डोकेदुखी. ब्राझीलमध्ये गोयानियाला १९८७ मध्ये सिझियमचा स्रोत फुटला तेव्हा स्टेडियमवर १,१२,००० लोकांची तपासणी झाली आणि दूषित निघाले २४९. सोलापुरात अशी रांग लागली तर होम मैदानावर किंवा पार्क स्टेडियमवरच लावावी लागेल, सिव्हिलच्या दारात नाही. त्या रांगेतल्या घाबरलेल्या माणसाची उलटी खरी असते, त्रास खरा असतो. त्याला हिडीसफिडीस करू नका. फक्त डोस उलटीच्या एकाच खुणेवर ठरवू नका.

‘उलटी झाली का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘पहिली उलटी कधी?’ हा प्रश्न हवा, आणि वाजलेले किती हे लोकांना आठवत नाही, जागा आठवते. रेल्वेने आलेल्याला विचारा, गाडी दौंडला होती की कुर्डुवाडी गेलं होतं? विजापूरकडून आलेल्याला विचारा, होटगीच्या अलीकडे की पलीकडे? वेळापत्रक काढून त्यावरून वेळ लावा. दुर्घटनेच्या वेळी माणूस कुठे होता, उघड्यावर की भिंतीआड, किती वेळ, कोणत्या दिशेला, याचा साधा नकाशा केसपेपरच्या मागे काढा. सोलापुरात हे प्रश्न मराठीसोबत कन्नड, तेलुगू, उर्दूत विचारता आले पाहिजेत. मळमळ आणि प्रत्यक्ष उलटी यांत भाषांतरात गोंधळ होतो, आणि तिथेच एका ग्रेचा फरक पडतो. वेळ लिहून झाली की उलटी थांबवणारं ऑन्डान्सेट्रॉन द्या. डेक्सामेथासोन मात्र पहिलं रक्त काढेपर्यंत टाळा. स्टेरॉइडने लिम्फोसाइट खाली येतात, न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वर जातात आणि पुढचं सगळं वाचन बिघडतं.

दुसरी खूण, आणि तुमच्या लॅबमध्ये मिळणारी सगळ्यात विश्वासाची, ती म्हणजे लिम्फोसाइटची उतरण. रक्तातल्या सगळ्या पेशींत लिम्फोसाइट किरणांपुढे सर्वांत नाजूक. त्या तासांत मरायला लागतात आणि किती वेगाने मरतात ते डोसवर ठरतं. साध्या जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत पहिला सीबीसी आल्याबरोबर, मग दर सहा तासांनी, ४८ तासांपर्यंत. रुग्ण फार असतील तर किमान तीन: आल्यावर, २४ तासांनी, ४८ तासांनी. एकदाच केलेल्या सीबीसीने डोस कळत नाही.

आकडे घ्या. सुरुवातीला लिम्फोसाइट घनमिलिमीटरला २४५० आहेत असा सरासरी प्रौढ माणूस. दोन ग्रे डोस बसला तर २४ तासांनी साधारण १९००, ४८ तासांनी १४८०. चार ग्रेला २४ तासांनी १४८०, ४८ तासांनी ८९०. सहा ग्रेला ११५० आणि ५४०. आता लॅबचा छापील रिपोर्ट डोळ्यांसमोर आणा. लिम्फोसाइटपुढे सर्वसाधारण मर्यादा छापलेली असते १००० ते ४०००. चार ग्रे बसलेल्या माणसाचा २४ तासांचा आकडा १४८०, म्हणजे मर्यादेच्या आतच; मशीन त्यापुढे कमी असल्याची खूण उमटवणार नाही आणि घाईतला डॉक्टर ‘सीबीसी नॉर्मल’ लिहून मोकळा होईल. त्या माणसाला उपचार मिळाले नाहीत तर जगण्या-मरण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. म्हणून प्रत्येक रुग्णाचे आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहा, शेजारी तास लिहा, आणि उतार पाहा. २४ तासांत निम्म्यावर आले आणि पुढच्या दिवशी आणखी घसरले, तर डोस जीवघेणा असू शकतो. ४८ तासांत ५०० च्या खाली गेले तर चार ग्रेच्या वर, १०० च्या खाली गेले तर आठच्या आसपास किंवा जास्त, हा जुना आडाखा आजही कामाला येतो.

एकूण पांढऱ्या पेशींकडे पाहून फसू नका. सुरुवातीच्या तासांत न्यूट्रोफिल उसळतात आणि एकूण आकडा चांगला, कधी वाढलेलाच दिसतो. एकूण ९५०० आणि लिम्फोसाइट १२ टक्के म्हणजे प्रत्यक्षात ११४०. गुणाकार करूनच लिहा. न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट हे गुणोत्तर निरोगी माणसात दोनच्या आसपास असतं. दुर्घटनेनंतर चार तास उलटून गेल्यावर हे गुणोत्तर काढा, उलटी झाली असेल तर त्यात दोन मिळवा, बेरीज ३.७ च्या बरीच वर गेली तर त्या माणसाला पुढच्या तपासणीच्या रांगेत घ्या. मात्र भाजणं, मोठी जखम, शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग यांनीही हे गुणोत्तर चढतं. जखमी आणि न जखमी यांच्यासाठी एकच काटा लावू नका.

लॅबमध्ये चुका कुठे होतात? छापील रिपोर्टवर वेळ असते ती तपासणीची, रक्त काढल्याची नाही. गर्दीत दोन्हींत तीन-चार तासांचा फरक पडतो. नळीवर पेनने काढल्याची वेळ लिहा. गुठळी झालेली नळी मशीनमध्ये घालू नका. एकाच रुग्णाचे सगळे नमुने एकाच मशीनवर चालवा. पेशी कमी झाल्यावर मशीनच्या टक्केवारीवर विसंबू नका, स्लाइड पाहा आणि शंभर नाही, दोनशे पेशी मोजा. शंभरात दहा आल्या तर खरा आकडा पाच ते अठरा टक्क्यांत कुठेही असू शकतो. लहान मुलांत लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात, तान्ह्यात तर कितीतरी, तेव्हा वरचे प्रौढांचे आकडे त्यांना लावायचे नाहीत. तिथे फक्त उतार पाहायचा.

तिसरी खूण गुणसूत्रांची. किरणांनी तुटलेली गुणसूत्रं चुकीची जोडली जाऊन दोन मध्यबिंदू असलेली होतात, त्यांना डायसेंट्रिक म्हणतात. निरोगी माणसात हजार पेशींत एखादंच सापडतं, म्हणून जास्त दिसली की किरणांचीच खूण. डोस मोजण्याची ही जगभर मानलेली पद्धत. ती सोलापुरात होणार नाही. नमुना भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत मुंबईला जाईल, पेशी ४८ तास वाढवाव्या लागतील, आणि निकालाला काही दिवस लागतील. गर्दीच्या वेळी प्रत्येकी ५० पेशी किंवा ३० डायसेंट्रिक एवढंच पाहून ढोबळ गट पाडतात, नंतर गरजेप्रमाणे ५०० ते १००० पेशी.

तुमचं काम नमुना नीट घेण्याचं, आणि तो इथेच वाया जातो. नळी हिरव्या झाकणाची, लिथियम हेपॅरिनची. ईडीटीए चालत नाही, कारण ते कॅल्शियम बांधून टाकतं आणि पेशी वाढत नाहीत. १० मिलिलिटर रक्त, शक्यतो दुर्घटनेनंतर २४ तासांनी, आणि रक्त चढवण्याआधी. दुसऱ्याचे लिम्फोसाइट मिसळले की मोजमाप पातळ होतं. नळी हळुवार आठ-दहा वेळा खालीवर फिरवा, हलवून फेस काढू नका. फ्रीजमध्ये नाही, बर्फावर तर नाहीच. १८ ते २४ अंशांत. उन्हाळ्यात सोलापूर ते मुंबई चारशे किलोमीटरचा रस्ता, गाडी ढाब्यावर उन्हात अर्धा तास उभी राहिली तरी डिकीतली नळी शिजते. थर्माकोलची पेटी घ्या, बाजूंना किंचित गार जेल पॅक, मधे वर्तमानपत्राचा जाड थर, आणि नळ्या पॅकला टेकू देऊ नका. पेटीत साधा थर्मामीटर टाका. बाहेर मोठ्या अक्षरांत लिहा की एक्स-रे तपासणीतून नेऊ नये, गोठवू नये. त्याच वेळी एचएलए चाचणीसाठी (रोपणाचा दाता जुळवण्याची चाचणी) वेगळी नळी काढून ठेवा. लिम्फोसाइट संपल्यावर ती चाचणी नीट होत नाही, आणि अस्थिमज्जा रोपणाचा विचार करायची वेळ आली तर तीच अडते.

कर्मचाऱ्यांच्या छातीवरचा डोस नोंदवणारा टीएलडी बॅज, मोबाइल, घड्याळ, शर्टाची बटणं, पडलेला किंवा काढलेला दात, यातलं काही फेकू नका. दातांच्या एनॅमलमधून आणि मोबाइलच्या सर्किटमधल्या बारीक भागांतूनही नंतर डोस काढता येतो. वेगळ्या पिशव्या, नाव, कुठल्या खिशात होतं ते.

हा खिसा महत्त्वाचा आहे. हरवलेल्या स्रोताच्या प्रसंगात सगळ्या शरीराला थोडा आणि एका जागेला प्रचंड डोस बसतो. एक टेराबेकरेल (स्रोताच्या ताकदीचं एकक) इरिडियम-१९२ एक मीटरवर ताशी सुमारे १३० मिलिसिव्हर्ट देतो; गॅमा किरणांसाठी एक सिव्हर्ट म्हणजे साधारण एक ग्रे. अंतर दहा पट कमी केलं की तीव्रता शंभर पट, म्हणजे दहा सेंटिमीटरवर ताशी १३ सिव्हर्ट. पेरूमध्ये यानांगोला १९९९ मध्ये एका वेल्डरने असाच तुकडा पँटच्या मागच्या खिशात ठेवला आणि त्याला पाय गमवावा लागला. अशा रुग्णात लिम्फोसाइट फारसे उतरत नाहीत, आणि निर्णय त्वचेवर होतो. तिचंही घड्याळ आहे. ताबडतोब फोड आला तर ती उष्णतेची किंवा रसायनाची भाजणी. किरणांची लाली काही तासांत येऊन जाते आणि पुन्हा दिवसांनी, आठवड्यांनी परत येते. तीन ग्रेच्या वर दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात, सहाच्या वर ठळक लाली, पंधरा-वीसच्या पुढे ओलसर सोलणं, पंचविसाच्या पुढे मांस मरणं. रोज एकाच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा; लालीची कड पेनने आखून ठेवा.

आत गेलेल्या धुळीबद्दल थोडक्यात. २४ तासांची लघवी साठवा, गरजेप्रमाणे शौचाचा नमुना. किरणोत्सारी आयोडीनचा संशय असेल तर मान धुऊन प्रोब गळ्याशी धरा, मग मांडीवर धरा, आणि दोन्हींतला फरक घ्या. मुलांची ही तपासणी सर्वांत आधी. पोटॅशियम आयोडाइड प्रौढांना १३० मिलिग्रॅम. ते फक्त थायरॉइडसाठी आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनविरुद्ध, धूळ येण्याआधी किंवा आल्यावर दोन तासांत द्यायचं. सिझियमवर, कोबाल्टवर त्याचा काही उपयोग नाही. टिंक्चर आयोडीन कुणी प्यायला लागलं तर तिथल्या तिथे थांबवा, ते विष आहे. सिझियमसाठी प्रशियन ब्लू, प्रौढांना तीन ग्रॅम दिवसातून तीनदा, प्लुटोनियम-अमेरिशियमसाठी डीटीपीए. ही औषधं तुमच्या कपाटात नसतील, पण मागणीचा फोन स्वॅबचा आकडा हातात आल्याबरोबर गेला पाहिजे.

मदतीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष, मुंबईत अणुऊर्जा विभाग आणि भाभा केंद्र, पुण्याजवळ एनडीआरएफची पाचवी बटालियन. त्यांची वाट पाहत उपचार मात्र थांबवू नका. उलटीची वेळ आणि लिम्फोसाइटचा उतार दोन्ही दोन ग्रेच्या वर बोट दाखवत असतील तर पांढऱ्या पेशी वाढवणारं फिल्ग्रास्टिम शक्य तितक्या लवकर, पहिल्या दिवसातच सुरू करण्याचा निर्णय रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून घ्या. गुणसूत्रांच्या निकालाची वाट पाहण्यात पाच दिवस जातात. हे औषध केमोथेरपीच्या रुग्णांना देतात, त्यामुळे शहरात मिळतं. रक्त चढवावं लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि किरण दिलेलं. हाड बसवणं, जखम शिवणं असं जे काही असेल ते ३६ ते ४८ तासांत उरका. त्यानंतर पेशी इतक्या खाली जातात की साधी जखमही भरत नाही, आणि शस्त्रक्रिया मग रक्त सावरेपर्यंत लांबवावी लागते. डोस आणि जखम दोन्ही असलेला रुग्ण नुसत्या डोसच्या किंवा नुसत्या जखमेच्या रुग्णापेक्षा कितीतरी गंभीर, म्हणून त्याला एक पायरी वर धरा.

सगळ्यात जास्त माणसं हातची जातात ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. उलट्या थांबलेल्या असतात, रुग्ण जेवतो, हिंडतो, घरी सोडा म्हणतो, आणि कॉटची गरज असल्याने त्याला सोडलंही जातं. दोन ते सहा ग्रेच्या माणसाचा हा फसवा बरेपणा आहे. दोन ते चार आठवड्यांनी प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल कोसळतात, हिरड्यांतून रक्त येतं, ताप चढतो, आणि तोवर तो अक्कलकोटच्या पुढच्या एखाद्या वाडीवर पोचलेला असतो. त्याला सोडताना केसपेपरची एक प्रत हातात द्या, त्यावर अंदाजे डोस, सीबीसीच्या पुढच्या तारखा, आणि ताप, रक्तस्राव किंवा केस गळायला लागले तर लगेच यायचं हे त्याच्या भाषेत. नाव, गाव, दोन फोन नंबर आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव वहीत ठेवा. पहिला महिना आठवड्यातून दोनदा सीबीसी, आणि ज्या दिवशी तो येणार नाही त्या दिवशी दुपारपर्यंत आशाताई त्याच्या दारात पोचल्या पाहिजेत.